धंदा टिकवायचा म्हणजे नक्की काय टिकवायचं?

आडवातिडवा

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत प्लॅनिंग बघतो. मागच्या आठवड्यात वरून निरोप आला की एका मोठ्या गिऱ्हाइकाने 'तुमचं शाश्वततेचं धोरण काय?' असं विचारलंय, तर महिन्याभरात काहीतरी लिहून काढ. माझ्याच गळ्यात का, तर म्हणे तुझं लिखाण बरं असतं.

नमुन्यादाखल दहा-बारा कंपन्यांची धोरणं चाळली. सगळीकडे तीच तीन वर्तुळं: पर्यावरण, समाज, नफा. मध्ये जिथे तिन्ही एकमेकांवर चढतात तिथे 'शाश्वतता'. चित्र गोड आहे, पण त्यावरून सोमवारी सकाळी कामावर जाऊन काय करायचं ते कळत नाही. गंमत म्हणजे ज्याने १९९४ मध्ये या तिहेरी हिशेबासाठी 'ट्रिपल बॉटम लाइन' हा शब्दप्रयोग काढला त्या जॉन एल्किंग्टननेच २०१८ मध्ये तो परत मागवला, सदोष गाड्या मागवतात तसा! त्याची तक्रार अशी की आपल्याला व्यवस्था बदलायची होती, आणि कंपन्यांनी त्याची नुसती खतावणी करून टाकली.

मागे जाऊन पाहिलं तर हा शब्द मुळात धंद्याच्या गरजेतूनच आलाय. १७१३ साली सॅक्सनीच्या खाण खात्यातले वरिष्ठ अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी जंगलांवर ग्रंथ लिहिला. चांदीच्या भट्ट्यांना लाकूड पुरेना, म्हणून त्यांनी सांगितलं की जेवढं उगवतं तेवढंच तोडा. निसर्गप्रेम असेलही, पण भट्टी विझू नये ही काळजी आधी. पुढे त्याच प्रदेशातल्या वनाधिकाऱ्यांनी लाकडाचा हिशेब सोपा व्हावा म्हणून एकाच जातीची झाडं रांगेत लावली. पहिली पिढी जोमदार आली, दुसरी अनेक ठिकाणी खुरटली. मोजायचं तेवढंच राखलं, न मोजलेली माती गेली.

तर माझा प्रश्न: तुमच्या अनुभवात कंपनी खऱ्या अर्थाने टिकाऊ होते की नाही हे कुठे ठरतं? धोरणात, अहवालात, मालकाच्या मनात, की आणखी कुठे? पुस्तकी नको, हातचं सांगा.

हिरवी_शाई

विषय माझ्या पोटापाण्याचा आहे (कंपन्यांचे शाश्वतता अहवाल तयार करते), म्हणून आधी अहवालांची बाजू घेते. सगळे त्यांना नावं ठेवतात, पण मोजलं नाही तर भांडायचं तरी कशावरून?

उत्सर्जनाचा हिशेब तीन कप्प्यांत होतो. पहिला, तुमच्या आवारातल्या बॉयलर-गाड्यांचा धूर. दुसरा, विकत घेतलेल्या विजेचा. तिसरा, तुमच्यासाठी दुसऱ्यांनी काढलेला आणि तुमचा माल वापरताना निघणारा. बहुतेक कंपन्या पहिल्या दोनांत खूप कष्ट घेतात आणि तिसऱ्यात अंदाजपंचे आकडे टाकतात. तुम्ही सुटे भाग बनवता म्हणजे तुमचा खरा बोजा तुमच्या कारखान्यात नसून पोलाद ओतणाऱ्या भट्टीत असणार. छतावर सौर पॅनेल बसवा, जरूर बसवा, पण कापताना किती पोलाद भुश्श्यात जातं ते आधी बघा.

'आमच्यासाठी महत्त्वाचे मुद्दे' अशी वीस मुद्द्यांची यादी कुणी दिली तर सरळ परत करा. तीन ठेवा.

पाना_नंबर_१३

माझी सगळी हयात मेंटेनन्समध्ये गेली. मला विचाराल तर शाश्वततेची सुरुवात फुसफुस आवाजापासून होते.

कुठल्याही कारखान्यात सुट्टीच्या दिवशी, मशिनं बंद असताना, कॉम्प्रेसर चालू ठेवून नुसतं फिरा. कान उघडे ठेवा. निगा न राखलेल्या यंत्रणेत दाबलेल्या हवेपैकी २० ते ३० टक्के गळतीतच जाते. हवा फुकट असते असं सगळ्यांना वाटतं, पण कारखान्यात तिच्याइतकी महाग ऊर्जा दुसरी नाही. तीच गोष्ट पंख्यांची आणि पंपांची. पंखा पूर्ण वेगात फिरवून पुढे झडप अर्धी बंद करायची, ही पद्धत मी जिथे गेलो तिथे पाहिली. गाडी ॲक्सिलरेटर दाबून ब्रेकवर चालवण्यासारखं आहे हे. वेग २० टक्के कमी केला तर लागणारी शक्ती जवळपास निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. त्यासाठी व्हीएफडी नावाचा, मोटरचा वेग कमी-जास्त करणारा डबा मिळतो.

मग तो डबा बसत का नाही? इथे खरी मेख आहे. मोटर विकत घेतो पर्चेस विभाग, त्याचं कौतुक होतं कमी किमतीला आणली म्हणून. वीजबिल भरतो प्लांट. मोटरच्या आयुष्यातल्या एकूण खर्चात विकत घेण्याचा वाटा अगदी किरकोळ, बाकी जवळजवळ सगळी वीज. पण एकाच्या खिशातून खर्च आणि दुसऱ्याच्या खिशात बचत, असं असलं की काही हलत नाही. आमच्या एका कंपनीत मी सात वर्षं एकच प्रस्ताव दर वर्षी तारीख बदलून पाठवला. आठव्या वर्षी मंजूर झाला, कारण जुनी मोटर जळली.

इंटरफेस या गालिचे बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचं उदाहरण नेहमी दिलं जातं. रे अँडरसन या तिच्या संस्थापकाने १९९४ पासून कचरा आणि खनिज तेलाचा वापर कमी करण्याचा ध्यास घेतला. कचरा कमी करून ४० कोटी डॉलरहून जास्त वाचले असं तो २००९ मध्ये सांगत होता. हे सगळ्यांना माहीत असतं. फसलेला भाग मात्र कुणी सांगत नाही. त्यांनी गालिचा विकण्याऐवजी भाड्याने द्यायची योजना काढली होती: आम्ही बसवू, निगा राखू, झिजलेला तुकडा बदलू, जुना परत नेऊन त्याचा नवा करू. कल्पना झकास. गिऱ्हाईक मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच मिळालं. कारण तिकडेही तेच: गालिचा भांडवली खर्चात, साफसफाई चालू खर्चात, दोन वेगळी खाती, दोन वेगळे साहेब. दोघांनी एका टेबलाशी बसून मासिक भाड्याला होकार द्यायचा, हे जमेना.

चक्रवाढ

पानासाहेब, मस्त प्रतिसाद. मी कर्ज देणाऱ्यांच्या बाजूचा माणूस, त्यामुळे तीच गोष्ट माझ्या भाषेत.

कुठलाही प्रकल्प तपासताना आम्ही पुढचे पैसे आजच्या किमतीत आणतो. दर १० टक्के धरला तर ५० वर्षांनी होणाऱ्या शंभराच्या नुकसानीची आजची किंमत एकसुद्धा भरत नाही, ०.८५ येते. तोच दर ३ टक्के धरा, जवळपास २३ येते. नदी तीच, विष तेच. फक्त कोष्टकातला एक आकडा बदलला.

थ्रीएम कंपनी बघा. १९७५ साली 'प्रदूषण टाळणं फायद्याचं असतं' असा कार्यक्रम तिने सुरू केला, आणि तो खरोखर चांगला होता. चिमणीतून धूर काढण्याआधीच प्रक्रिया बदलायची, ही दृष्टी त्या काळात नवी होती. तीच कंपनी कित्येक दशकं पीएफएएस गटातली, निसर्गात सहसा न विघटणारी रसायनंही बनवत होती. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पाणीपुरवठा संस्थांना १०.३ अब्ज डॉलर द्यायचं तिने कबूल केलं, आणि त्या रसायनांचं उत्पादन थांबवायचंही जाहीर केलं होतं. ज्या बचतीचा परतावा दोन-तीन वर्षांत दिसतो ती तिला दिसली. जे बिल पन्नास वर्षांनी येणार होतं ते कुठल्याच कोष्टकात बसलं नाही.

आर्थिक टिकाऊपणाबद्दलही एक. जपानची कोंगो गुमी ही मंदिरं बांधणारी कंपनी इ. स. ५७८ मधली. युद्धं, भूकंप, राजवटी, सगळं पचवलं. २००६ मध्ये तिचा स्वतंत्र कारभार संपला तो कर्जाने, ऐंशीच्या दशकातल्या जमिनींच्या तेजीत घेतलेल्या. चौदाशे वर्षं लाकूडकाम करणाऱ्यांना जमीन-धंद्याचा मोह नडला. लोक विचारतात, हिरवी कंपनी बुडते का? बुडते की. व्याजदर वाढले तर सगळ्यात आधी भांडवल आगाऊ ओतणारे प्रकल्प अडचणीत येतात. डेन्मार्कच्या ओर्स्टेडने २०२३ मध्ये अमेरिकेतले दोन समुद्री पवनऊर्जा प्रकल्प सोडून दिले आणि प्रचंड तोटा पुस्तकात घेतला. हेतू शुद्ध असला म्हणून हप्ता चुकत नाही.

गाळीव

सगळे इतके एकमताने बोलताय की मला कसंतरी व्हायला लागलंय. म्हणून विरोधी पक्ष.

अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनने १९७० मध्ये लिहिलं की नियम पाळून नफा वाढवणं हीच धंद्याची सामाजिक जबाबदारी. शिव्या खाल्ल्या त्याने, पण मुद्दा साधा आहे: मॅनेजर दुसऱ्याच्या पैशावर बसलेला असतो. नदी वाचवायची तर कायदा करा, कर लावा. कंपनीच्या सद्सद्विवेकबुद्धीवर नदी सोपवणं मला जास्त भीतीदायक वाटतं. सद्सद्विवेकबुद्धी तिमाही बदलते. दानोन या फ्रेंच खाद्यपदार्थ कंपनीचं काय झालं? जून २०२० मध्ये ९९ टक्के मतांनी भागधारकांनी सामाजिक उद्दिष्टं कंपनीच्या घटनेत घातली. मार्च २०२१ मध्ये ती आणणारे प्रमुख एमान्युएल फाबेर घरी गेले, कारण शेअर मागे पडला होता. टाळ्या वाजवणारे आणि खुर्ची काढून घेणारे बऱ्याच अंशी तेच.

आणि पानासाहेब, तुमच्या बचतीबद्दल: विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्लिश अर्थतज्ज्ञाने १८६५ मध्येच दाखवून दिलं की वाफेची यंत्रं सुधारली तसा कोळशाचा एकूण वापर वाढला. वाचलेल्या विजेच्या पैशात तुमच्या मालकाने काय घेतलं? आणखी एक मशीनच ना?

पाना_नंबर_१३

@गाळीव, दोन घेतली. :)

तिसरी_पाळी

गाळीव, 'नियम पाळून' हे दोन शब्द तुम्ही फार पटकन उच्चारलेत.

११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीत अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. अडीचशेहून जास्त माणसं गेली. खिडक्यांना गज, दारं बंद. त्या कारखान्याला सामाजिक मानकाचं प्रमाणपत्र मिळून जेमतेम तीन आठवडे झाले होते. पुढच्या वर्षी २४ एप्रिलला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळलं, १,१३४ मृत्यू. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद राहिली. शिलाई कामगारांना मात्र बोलावून घेतलं, कारण मालाची तारीख होती.

तारीख. हा शब्द कुठल्या शाश्वतता अहवालात येतो? मी तपासणीची दोन्ही टोकं पाहिलेली आहेत, आधी कामगार म्हणून आणि नंतर संघटनेतर्फे. तपासनीस येतो, हजेरीपट बघतो, विझवण्याच्या नळकांड्यांवरच्या तारखा बघतो. पण गिऱ्हाइकाने ऑर्डर तीनदा बदलली आणि पाठवायची तारीख तीच ठेवली, ही नोंद तो मागत नाही. मागणार कसा, त्याचे पैसे अनेकदा गिऱ्हाईकच देतं. राणा प्लाझानंतर जो करार झाला त्याचं वेगळेपण हे की तो ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात कायद्याने बांधणारा होता. तपासणी स्वतंत्र, अहवाल जाहीर, आणि दुरुस्तीला पैसा उभा राहील हे बघणं ब्रँडवर. नुसत्या आचारसंहितांनी जे वर्षानुवर्षं झालं नव्हतं ते त्याने बऱ्यापैकी करून दाखवलं.

कामगार टिकण्याचा थेट हिशेबही आहे. १९१३ मध्ये हेन्री फोर्डच्या कारखान्यात माणसं सोडून जाण्याचं प्रमाण वर्षाला ३७० टक्के होतं. म्हणजे एक जागा भरलेली ठेवायला वर्षात जवळपास चार माणसं घ्यायची. जानेवारी १९१४ मध्ये त्याने आठ तासांना पाच डॉलर जाहीर केले, आणि हे प्रमाण झपाट्याने खाली आलं. दयेपोटी नाही केलं त्याने. (अवांतर: त्या पाच डॉलरसाठी कंपनीचे लोक घरी येऊन तुम्ही दारू पिता का, घर नीट ठेवता का तेही बघत. म्हणजे फार भारावूनही जाऊ नका.)

हिरवी_शाई

प्रमाणपत्रांबद्दलचं म्हणणं मान्य. टोचलं, पण मान्य.

उधारीखाते

इथे बरीच वर्षं वाचतोय, पहिल्यांदाच लिहितोय. धागाकर्ते, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, कारण मी तुमच्यासारख्या कंपन्यांना माल पुरवतो. माझं प्लेटिंगचं, म्हणजे सुट्या भागांवर धातूचा मुलामा चढवण्याचं छोटं युनिट आहे.

टिकाऊपणा कुठे ठरतो? तुमच्या पर्चेस ऑर्डरच्या मागच्या पानावर, बारीक अक्षरांत. पैसे किती दिवसांनी, दर कोण आणि कधी बदलणार, आणि तारीख हलवली तर भुर्दंड कुणाला.

माझी एक कबुली. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या गिऱ्हाइकाने ठरलेल्या ६० दिवसांचे एकतर्फी १२० केले. वर एक छापील पत्र: 'आमच्या मूल्यवान भागीदारांस'. माझं खेळतं भांडवल तिथेच अडकलं. पगार थांबवता येत नाहीत, धातू उधारीवर मिळत नाही. मग काय थांबवता येतं? सांडपाण्याची यंत्रणा. चार महिने ती मी रात्री बंद ठेवत होतो. रसायनं कमी, वीज कमी. कायमची माणसं निघाली तशी त्यांच्या जागी कंत्राटी घेतली. त्याच काळात त्या गिऱ्हाइकाची पुरवठादारांसाठीची शाश्वतता प्रश्नावली आली, शंभरावर प्रश्न. मी सगळीकडे 'होय' टिचकी मारली. मला पूर्ण गुणही मिळाले.

लाज वाटते म्हणूनच लिहिलं. आता यंत्रणा चालू आहे, ते गिऱ्हाईक सोडल्यावर चालू झाली. पण त्यांच्या अहवालात त्या वर्षी पाण्याचा आकडा सुधारलेलाच असणार, कारण घाण त्यांच्या आवारात पडत नव्हती.

चक्रवाढ

उधारीखाते, हे लिहायला धीर लागतो. माझ्याकडून सलाम.

बाकीच्यांसाठी भर घालतो. तुमची गोष्ट मोठ्या प्रमाणावर बघायची तर ब्रिटनची कॅरिलियन. सुमारे ४३,००० कर्मचारी, रुग्णालयं, शाळा, रस्ते बांधणारी. वेळेवर पैसे देण्याच्या संहितेवर तिची सही होती, आणि उपकंत्राटदारांना १२० दिवस थांबायला लावत होती. लवकर हवेत तर कसर सोडा. लाभांश मात्र दर वर्षी वाढता, आणि पेन्शन निधीत खड्डा. जानेवारी २०१८ मध्ये बुडाली तेव्हा हातात रोख अवघे २.९ कोटी पौंड आणि देणी जवळपास ७ अब्ज. पुरवठादारांना थांबवून ठेवलेले पैसे आम्ही रोखीत धरत होतो. ते खरं तर कर्ज होतं, बिनव्याजी आणि बिनसहीचं.

गाळीव, तुमच्या फ्रीडमनला इथे काय म्हणायचंय? भागधारकांना लाभांश मिळत होता की.

गाळीव

भागधारकही शेवटी साफ झाले, म्हणजे त्यांचीही सेवा झाली नाही. तुमचा मुद्दा माझ्याच खात्यात जमा! नियम नीट असता तर मॅनेजरांना ही पळवाट मिळालीच नसती. ब्रिटनमध्ये २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना दर सहा महिन्यांनी, आपण पैसे किती दिवसांत देतो हे जाहीर करावं लागतं. हा एक आकडा मला शंभर पानी अहवालापेक्षा जास्त सांगतो.

पण उधारीखाते यांचा प्रतिसाद वाचून गप्प बसावंसं वाटलं हेही खरं. सांडपाण्याचा कायदा होताच ना तिथे. मोडला तुम्ही, आणि मोडायला लावणारा कायद्यात बसत होता.

पाना_नंबर_१३

अवांतर, पण विषयाला धरून. भाडेतत्त्वाची माझी भलामण जरा आवरती घेतो. विमानाची इंजिनं तासावर देण्याची पद्धत १९६२ पासूनची, पुढे रोल्स-रॉइसने मोठी केली. इंजिन जितकं जास्त चालेल तितके पैसे, म्हणून ते टिकाऊ बनवण्यात बनवणाऱ्याचाच फायदा. २०२० मध्ये विमानं जमिनीवर आली आणि तासच संपले. कंपनीने किमान ९,००० नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं. गिऱ्हाइकाची जोखीम अंगावर घेतली की ती पेलायला गाठीशी रोकड हवी. ही पद्धत वाईट नाही, पण रिकाम्या खिशाने करायची नाही.

आडवातिडवा

सगळ्यांचे आभार. विशेषतः उधारीखाते. तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

तीन दिवस गायब होतो, कारण धोरणाचा मसुदा बाजूला ठेवून आमच्याच सिस्टिममधून एक तक्ता काढत बसलो होतो. पुरवठादारवार तीन रकाने: करारात किती दिवस, प्रत्यक्षात किती दिवस, आणि माल निघायच्या आधीच्या शेवटच्या ४८ तासांत ऑर्डर किती वेळा बदलली. हिशेब खात्याने पहिले दोन रकाने कुरकुर करत दिले. करारात ६०, प्रत्यक्षात बहुतेकांना ९०च्या वर. मसुद्यात मी काय लिहिलं होतं माहितीये? 'पुरवठादार हे आमचे भागीदार.'

तिसरा रकाना कुणालाच विचारावा लागला नाही. ऑर्डर बदलायचा अधिकार प्लॅनिंगकडे असतो. मागच्या वर्षातले बदल छापून काढले, प्रत्येकाखाली मंजूर करणाऱ्याचं नाव येतं. सगळी पानं माझ्या नावाची. निम्म्याहून जास्त वेळा गिऱ्हाइकाने काही बदललंच नव्हतं, मी माझा साठा कमी दिसावा म्हणून महिनाअखेरीस ढकललं होतं.

तीन वर्तुळांचं पान काढून टाकलंय. त्या जागी हा तक्ता ठेवलाय. सोमवारी साहेबांसमोर जाईल.

उधारीखाते

नावासकट ठेवलात?

आडवातिडवा

हो.

हिरवी_शाई

मंगळवारी इथे लिहा, वाट बघते. आणि तक्त्याला चौथा रकाना जोडा: त्या बदलांमुळे कुणाकडे जादा पाळी लागली. तो आकडा तुमच्याकडे नसेल. फोन करून विचारावा लागेल.